मधुकर किसन दाभाडे, कंसाशिवाय

मधुकर किसन दाभाडे यांच्यावर अन्याय झाला तो मागच्या महिन्यातल्या दुसऱ्या गुरुवारी, सकाळी सव्वानऊला, मुकुंदवाडीच्या चौकात. अन्याय झाला तेव्हा त्यांना जाऊन तीन दिवस झाले होते, त्यामुळे त्यांना काही बोलता आलं नाही. म्हणून मी बोलते. ते माझे सख्खे मामा. चौकात जो फ्लेक्स लागला होता त्यावर 'भावपूर्ण आदरांजली', त्याखाली फोटो आणि फोटोखाली हातभर उंचीच्या लाल अक्षरांत लिहिलं होतं : 'कालकथित काळ्याभाऊ (मधुकर) दाभाडे'. म्हणजे रंगावरून पाडलेलं नाव ऐसपैस मोकळ्यावर, आणि आईबापानं ठेवलेलं नाव कंसात अंग चोरून उभं. एवढ्यावर थांबलं असतं तरी मी निषेधाचं पत्रक काढलंच असतं. पण फ्लेक्सवाल्यानं कॉम्प्युटरवर मामांचा चेहराही उजळून घेतला होता. पीठ फासल्यासारखा गोरा. अंगात निळा कोट, जो मामांनी जन्मात घातला नव्हता. असा तो गोरागोमटा कोटवाला गृहस्थ, आणि त्याचं नाव काळ्याभाऊ! मामी रिक्षातून उतरली, फ्लेक्सपुढं उभी राहिली, तीन दिवसांत पहिल्यांदा तिचं रडं थांबलं आणि ती म्हणाली, "प्रज्ञा, ह्यो कोण गं?"

मामा गेल्याचं कळलं ते सोमवारी सकाळी. मी बजाजनगरात होते, पहिल्या पाळीच्या कामगारांना पत्रकं वाटत. पत्रक कशाचं होतं? हाकेचं. कामावर माणसाला रंगावरून, जातीवरून, तोंडवळ्यावरून हाक मारण्याविरुद्ध आमच्या मंडळाची मोहीम चालू आहे. पत्रकं घेणारे लोक 'बरोबर हाय ताई' म्हणायचे आणि लगेच मागं वळून 'ए चिंक्या, चल की' म्हणून मणिपूरच्या जोडीदाराला हाक मारायचे. त्या गोंधळात मामांच्या नंबरवरून फोन आला. बोलत होती मामी. म्हणाली, "प्रज्ञा, मामा गेला गं." मी एका हातानं पत्रक देत म्हटलं, "कुठं गेले? संध्याकाळी येते म्हणावं, नव्या पत्रकाचं प्रूफ बघायचंय." तिकडून हुंदका आला, मग कळलं. सकाळी दात घासता घासता ओट्यावर बसले आणि उठलेच नाहीत. प्रूफ पिशवीतच राहिलं. त्यात तीन चुका होत्या, त्या मला छापून आल्यावर दिसल्या. मामांना एका नजरेत दिसल्या असत्या.

कारण अक्षर हाच त्यांचा धंदा. औरंगपुऱ्यात भांड्यांच्या एका दुकानाच्या पायरीवर मामा अडतीस वर्षं बसले. लग्नाची, वास्तुशांतीची, मुंजीची भांडी लोक आत घेत आणि बाहेर मामांकडून त्यांवर नाव टाकून घेत. सुरुवातीला छिन्नी आणि हातोडी घेऊन ठिपक्याठिपक्यांनी, पुढं विजेच्या मशीननं. मशीन घरघरू लागलं की अख्ख्या गल्लीच्या दाढा शिवशिवायच्या, पण मामांच्या हातून जे अक्षर उतरायचं ते बघत राहावं असं. सुरुवातीची काही वर्षं सोडली तर नियम एकच : पूर्ण नाव. एकदा एक नवा नवरा बायकोसाठी डबा घेऊन आला आणि लाजत म्हणाला, "टाका, लाडूला, बबडूकडून." मामांनी मशीन बंद केलं. "लाडूचं कागदावरचं नाव काय?" तो म्हणाला, "काका, आमचं प्रायव्हेट आहे." मामा म्हणाले, "प्रायव्हेट आसंल तर कागदावर लिहून उशीखाली ठिवा. स्टील नातवापर्यंत जातं. त्यानं काय वाचायचं, आज्याचं नाव बबडू?" नवरा मुकाट्यानं दोन्ही पूर्ण नावं सांगून गेला. मला लाड करतानाही ते 'प्रज्ञा भास्कर साळवे' म्हणत. लहानपणी मला वाटायचं, कोर्टात पुकारा चाललाय.

आणि हा माणूस, जो उभ्या शहराची नावं विचारून विचारून टाकत होता, त्याला गल्लीत कोण काय म्हणायचं? काळ्या. शेठ आतून गिऱ्हाइकाला सांगायचे, "बाहर काळ्या के पास जाओ." चहावाला, हमाल, समोरच्या दुकानातले कालपरवा मिशा फुटलेले नोकर, सगळे काळ्या. नावाच्या चिठ्ठीत घोळ झाला आणि शेठ चिडले की 'हबशी'. मी कॉलेजात जायला लागले आणि पहिलं पत्रक लिहिलं तेव्हा पायरीवर जाऊन शेठशी भांडलेही. शेठ दुखावले. खरोखर दुखावले, डोळ्यांत पाणी. "अरे बेटा, प्यार से बोलते हैं. आपला माणूस आहे तो." मी म्हटलं, प्रेम आहे तर नाव सांगा त्यांचं. शेठ थोडा वेळ छताकडं बघत राहिले, मग म्हणाले, "दाभाडे." मी म्हटलं, पुढचं? तेवढ्यात मामांनीच मला दंडाला धरून पायरीखाली उतरवलं. परत येताना मी विचारलं, "मामा, ते रंगावरून म्हणतात की जातीवरून?" मामा म्हणाले, "दोन्हीला एकच शब्द पुरतोय त्यांना, मंग दुसरा कशाला खर्च करतील?" आणि हसले. मला हसू आलं नाही. मला तेव्हा कशाचंच हसू येत नव्हतं. थोडं चालल्यावर आपणहून म्हणाले, "पयल्या पयल्यांदा सांगायचो गं. माझं नाव मधुकर. सांगून सांगून दमलो... मंग म्हटलं, जाऊ दे, दुसऱ्यांची तरी नीट टाकू."

मामांच्या घरचं स्वयंपाकघर ज्यानं पाहिलं नाही त्याला हा माणूस पूर्ण कळणार नाही. चिठ्ठीवर नाव चुकीचं आलं, लग्न मोडलं, भांडणात अर्धी सोयरीक फिरली, की नाव पडलेलं भांडं दुकानाला नको असायचं. चूक कोणाचीही असो, भांडं काळ्याच्या घरी. त्यामुळे मुकुंदवाडीतल्या त्या दोन खोल्यांत सगळं शहर नांदत होतं. पाणी प्यायचं ते 'चि. सौ. कां. वैशाली' हिच्या पेल्यातून. ही वैशाली कोणीतरी आपली मावशीच असणार आणि ती दिवाळीला का येत नाही, असं मी सहा वर्षांची होईपर्यंत विचारत असे. ताटं 'जोशी परिवार' यांची, वाट्या 'हाजी साहब' यांच्या, आणि 'कै. गंगाबाई यांच्या स्मरणार्थ' असं लिहिलेल्या मोठ्या पातेल्यात मामी रविवारी मटण शिजवायची. मामा पहिली वाटी वाढून घेताना दरवेळी म्हणायचे, "गंगाबाई, माफी असावी." त्या साऱ्या भांड्यांत एकही मामांच्या नावाचं नव्हतं. मी एकदा म्हटलं, स्वतःचं नाव टाका ना एखाद्या पेल्यावर. म्हणाले, "घरात कोणाला सांगायचंय? तुझ्या मामीला ठाऊक हाय की."

गेल्या वर्षी तो पिक्चर आला. नाव घेऊन जाहिरात करत नाही. त्यात वाड्यावरचा एक काळा नोकर आहे. तो आला की ढोल वाजतो आणि कोणीतरी म्हणतं, 'दात दाखव रे, दिसत नाहीस.' थेटर हसतं. काळ्या, कोळशा, हबश्या, निग्रो, जे म्हणायचं ते त्याला म्हणून झालेलं आहे. आमच्या मंडळानं ठरवलं : शब्द कापा, नाहीतर पिक्चर उतरवा. रात्रभरात मी पत्रक लिहिलं. जहाल. सकाळी पायरीवर नेऊन मामांना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, कानावरची पेन्सिल काढली आणि ओळीओळीला बारीक टिंबं करत गेले. मला वाटलं शुद्धलेखन बघतायत. शेवटी म्हणाले, "पिक्चरमध्ये ते शब्द नऊ येळा येतेत म्हणतीस. तुझ्या कागदावर सतरा येळा आलेत." मी म्हटलं, अहो, निषेध करायचा तर लिहावेच लागणार ना! "व्हय, पण हा कागद वाटणार किती लोकांना? ज्यांनी पिक्चर बघितला नाय त्यांनापण घरपोच शिव्या." मी रागानं कागद ओढून घेतला. वर म्हणाले, "आन् त्या कामाच्या पोराचं नाव काय? ज्यानं नोकर केलाय त्याचं? पूर्ण पत्रकात तू त्याला 'काळा नोकर'च म्हटलंयस." मला माहीत नव्हतं. मी शिव्या मोजल्या होत्या, माणसाला विचारलं नव्हतं. पण त्या दिवशी मी ते कबूल केलं नाही. म्हटलं, "मामा, तुम्ही प्रतिगामी आहात." मामांनी विचारलं, "म्हंजे काय गं?" आणि मशीन चालू केलं.

पुढचा प्रकार अजून मंडळात कोणी माझ्यासमोर काढत नाही. शुक्रवारी आम्ही थेटरच्या दारात उभे. 'पाहू नका, पाहू नका' अशा घोषणा. आणि गर्दीतून माझे सख्खे मामा आले, माझ्याच हातून पत्रक घेतलं, नीट घडी करून खिशात ठेवलं, तिकीट काढलं आणि आत गेले. कार्यकर्ते माझ्याकडं बघतायत, मी फलकाच्या मागं तोंड लपवतेय. पिक्चर सुटला, सगळे गेले, मामा येईनात. झाडूवाल्यानंच त्यांना बाहेर आणलं. मी फणफणत विचारलं, कशाला गेलात? "न बघता बोलायचं कसं?" बरं, मग काय दिसलं? मामा म्हणाले, "दोनदा हसलो मी. दुसऱ्यांदा हसलो तवा माझा मलाच राग आला." मग रस्त्याच्या कडेला उभं राहून, कानावरची पेन्सिल हातात घेऊन त्यांनी मला सांगितलं ते मी शब्दशः लक्षात ठेवलंय. "विलननं शिवी दिली तर माझं काय म्हणणं नाय. विलन हाय, तो काय ओवाळणार हाय का? पण अडीच तास तो गडी त्या वाड्यात राबतो आन् एकालापण त्याचं नाव म्हाईत नाय. चांगल्या हिरोलापण नाय. डायरेक्टरनं ठिवलंच नाय. ते लिव्ह. आन् शेवटाला नावं आली. घोडेवाल्याचं आलं, च्यावाल्याचं आलं. ह्याचं आलं 'नोकर' म्हणून, त्याच्यापुढं नाव होतं पण इतक्या जोरात वर पळालं की वाचता आलं नाय. उद्या परत जातो." आणि गेले! दुसरं तिकीट काढून गेले, आणि रविवारी त्या नटाचं पूर्ण नाव, वळणदार अक्षरात, चिठ्ठीवर लिहून मला आणून दिलं. आमच्या बहिष्काराचं एकूण फळ काय, तर मामांची दोन तिकिटं जास्त खपली. पण दुसरं पत्रक आम्ही त्या नटाच्या नावानं सुरू केलं, आणि शिवी त्यात एकही नव्हती. तेच एक पत्रक लोकांनी रस्त्यावर न टाकता वाचलं.

याच्या पुढच्याच महिन्यात पायरीवर तेस्फाये आला. विद्यापीठात शिकायला आलेला इथिओपियाचा विद्यार्थी, उंच, मामांहून चार छटा गडद. आईसाठी स्टीलचा डबा घेतलेला, त्यावर नाव टाकायचं होतं. गल्लीतल्या पोरांना सणच झाला. एक ओरडला, "काळ्या, तुझा भाऊ आला बघ!" दुसरा लांबूनच, "ए हबशी!" आणि तेस्फाये गर्रकन वळला, तोंडभर हसला, छातीवर हात ठेवून मोडक्या हिंदीत म्हणाला, "हाँ! हबेशा! आपको कैसे मालूम?" त्यांच्याकडं लोक स्वतःला अभिमानानं तेच म्हणवतात, हे बिचाऱ्या पोरांना कुठं ठाऊक? शिवी देणाऱ्याशी समोरच्यानं हात मिळवायला यावं तशी त्यांची गत झाली. एकानं तर घाबरून खरंच हात मिळवला. मी तिथंच होते, मी त्यांना सुनावलं की, हे शहर ज्यानं वसवलं, ज्याच्या नहरीचं पाणी तुमच्या पणज्यांनी प्यायलं तो वजीरही आफ्रिकेतून आलेला हबशीच होता, जरा डोकं वापरा. कोणी ऐकलं नाही, पण मामांनी ऐकलं आणि मशीन थांबवून विचारलं, "खरंच का गं? मंग शेठ मला इतकी वर्षं वजीर म्हणत व्हता?" नंतर त्यांनी तेस्फायेचं पूर्ण नाव विचारलं. तेस्फाये गेब्रेमरियम. "दुसरं आडनाव का?" "नहीं, पिताजी का नाम." मामा खूश. "आपल्यासारखंच की! नाव आन् बापाचं नाव." तीन वेळा त्याच्याकडून म्हणवून घेतलं, कागदावर लिहिलं, परत म्हणवून घेतलं, आणि मगच स्टीलला हात लावला. मी मोर्चाची वेळ झाली म्हणून निघाले. पुढं त्या दोघांत काय झालं ते मला मामा गेल्यावर कळलं.

तर, गुरुवारचा तो फ्लेक्स. तो लावला होता बबनभाऊनं, मामांचा तीस वर्षांचा दोस्त. रोज संध्याकाळी औरंगपुऱ्यातून मामांना आपल्या रिक्षात पुढच्या सीटवर बसवून आणणारा. मी त्याला चौकातच गाठलं आणि सवयीनं तीन मागण्या ठेवल्या : एक, फ्लेक्स ताबडतोब उतरवा, दोन, चेहरा पूर्ववत करा, तीन, जाहीर दिलगिरी. बबनभाऊनं शांतपणे ऐकून घेतलं. "बाई, ह्यो मर्तिकाचा फ्लेक्स हाय, मोर्चा नाय. आन् नाव टाकलंय की मी, कंसात."

"कंसाबाहेर काय टाकलंय, भाऊ?"

"मंग वळखणार कसं लोकं? मधुकर कोण, इचारतील. रविवारी जलदानाच्या कार्याला चार माणसं आली तर तुझ्या मामाची इज्जत ऱ्हाईल का?"

"आणि गोरं कशाला केलं?"

"त्यो फ्लेक्सवाला म्हणला, फ्रीमधी करून देतो."

"तोंड त्यांचंच ठेवलं असतं तर लोकांनी लांबूनच ओळखलं असतं! कंस लागलाच नसता!" हे माझ्या तोंडून निघालं आणि बबनभाऊ मान वर करून फ्लेक्सकडं बघत राहिला. खरं सांगायचं तर त्याची भीती खोटी नव्हती. औरंगपुऱ्यातल्या ज्या लोकांत मामांचं आयुष्य गेलं त्यांना मधुकर दाभाडे नावाचा माणूस माहीतच नव्हता. नावानं निरोप द्यावा तर मांडव रिकामा राहणार, मांडव भरावा तर शिवीनं निरोप द्यावा लागणार. मी मामीकडं बघितलं. मामी म्हणाली, "बबनभाऊ, ह्यांना पाठवायचं तर ह्यांच्या नावानं पाठवा. चार आले तर चार. गंगाबाईचं पातेलं लहान पडणार नाय." बबनभाऊ स्वतः खांबावर चढला. दोऱ्या सोडताना रडत होता आणि खाली बघून मला म्हणत होता, "मी काय वाईट बुद्धीनं केलं का गं?" नाही केलं, भाऊ. तीच तर अडचण आहे.

दुसरा फ्लेक्स मी करून घेतला. पायरीवर बसलेले, चष्मा कपाळावर, कानाला पेन्सिल, असा मामांचा फोटो. फ्लेक्सवाला तीनदा म्हणाला, "मॅडम, थोडं तरी ब्राइट करू? फार डार्क येईल." मी म्हटलं, ते डार्कच होते. खाली फक्त 'कालकथित मधुकर किसन दाभाडे'. एक मुकुंदवाडीत लावला आणि एक औरंगपुऱ्यात, पायरीच्या बरोबर समोर. शनिवारी दिवसभर लोक त्याच्यापुढं थांबत, चेहऱ्याकडं बघत, नावाकडं बघत, परत चेहऱ्याकडं बघत. चहावाल्यानं तर मोठ्यानं वाचलं, "म-धु-कर," पहिलीतल्या मुलासारखं.

रविवारी मांडव भरला. गंगाबाईचं पातेलं लहान पडलं, शेजारून दोन आणावी लागली. आदरांजलीच्या भाषणाला शेठ उठले. माईक हातात घेतला, म्हणाले, "आमचा का..." आणि थांबले. मान वळवून मागच्या फ्लेक्सकडं बघितलं. अख्खा मांडव बघतोय. शेठनी खिशातून चष्मा काढला, लावला आणि वाचून म्हणाले, "आमचे मधुकर." अडतीस वर्षांत पहिल्यांदा, तेही वाचून. मला हसायचं होतं, पण तेवढ्यात मागं तेस्फाये उभा राहिलेला दिसला. तो आदल्या दिवशी सकाळी, फ्लेक्स खांबावर चढत असताना, पायरीवर जाऊन विचारत होता म्हणे, "मधुकर सर कहाँ हैं?" दुकानातले म्हणाले, "कौन मधुकर?" त्यानं रिकाम्या पायरीकडं बोट केलं. "ये!" त्यांनी मग फ्लेक्स दाखवला. त्यानं मामीपुढं येऊन पिशवीतून तो आईचा डबा काढला. पुढच्या महिन्यात तो घेऊन जाणार आहे. डब्यावर तेस्फायेचं नाव, बापाचं नाव, शेजारी 'यांजकडून आईस सप्रेम'. मग त्यानं डबा उलटा केला. बुडाशी, अगदी बारीक अक्षरांत : 'अक्षर : मधुकर किसन दाभाडे'. तेस्फाये म्हणाला, त्यानं विचारलं होतं की लिहिणाऱ्याचं नाव कुठं येतं. मामा म्हणाले, आमच्यात येत नाही. हा म्हणाला, माझ्या आईला कळलं पाहिजे कोणी लिहिलं. मामीनं डबा हातात घेतला, अक्षरावरून अंगठा फिरवला आणि 'वैशाली'च्या पेल्यातून त्याला पाणी दिलं.

आता माझं. पहिल्या पाळीच्या गेटवर मामीचा फोन आला असं वर लिहिलं, पण स्क्रीनवर काय नाव आलं ते मी मुद्दाम सांगितलं नाही. मला दोन मामा. धाकटे उजळ, म्हणून घरात लहानपणापासून एक 'गोरेमामा' आणि एक 'काळेमामा'. पत्रकांवर पत्रकं लिहिली, शेठशी भांडले, थेटर अडवलं, बबनभाऊला खांबावर चढवलं, आणि माझ्या स्वतःच्या फोनमध्ये त्या सोमवारी, ते गेल्याची बातमी घेऊन, 'काळेमामा' अशीच अक्षरं आली होती. कंसात मधुकर सुद्धा नव्हतं. त्यांनी कधीतरी ते पाहिलंही असेल. पायरीवर माझा फोन चार्जिंगला लावून मी चहाला जायचे.

आता बदललं आहे. मामी अजून त्यांचाच फोन वापरते, रोज चार्ज करते. परवा तिचा फोन आला, "दुपारी ये, गंगाबाईचं पातेलं चुलीवर हाय," सांगायला. स्क्रीनवर उठलं : मधुकर किसन दाभाडे. मी दोन रिंगा नुसती बघत राहिले.

तेव्हा हा लेख संपला की चहा घेऊ नका, वाह म्हणू नका, मला कळवू नका. फोन काढा. काळ्या, बुटक्या, चिंकी, लंगडा, हबशी, जे जे म्हणून ठेवलंय ते शोधा. आहे. तुमच्याकडंही आहे. त्या माणसाचं पूर्ण नाव ठाऊक नसेल तर त्याला आत्ता फोन लावा आणि विचारा. लाज वाटेल, वाटू द्या. तो उचलतोय तोवरच विचारा.